पायांसाठी उजेड

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे रात्री दहा वाजता घरात पाऊल टाकलं की भिंतींतून धग लागते. दिवसा पंचेचाळीस अंशांवर गेलेला पारा रात्री उतरतो, पण तापलेला स्लॅब आणि विटा उतरायला तयार नसतात. म्हणून अख्खं बिऱ्हाड वर जातं. जुन्या गावांत धाब्यावर, नव्या कॉलन्यांत गच्चीवर. सतरंज्या, गोधड्या, पाण्याची कळशी, म्हाताऱ्यांसाठी एखादी बाज. खानदेशातली ही उन्हाळ्याची रीत शहाणपणाची आहे. घोळ होतो तो रात्री दोन वाजता, लघवीला उठलेल्या माणसाला खाली उतरायचं असतं तेव्हा.

गच्चीचा जिना बहुतेक घरांत सगळ्यांत शेवटी होतो. तोवर पैसे संपत आलेले असतात, मग बाहेरच्या भिंतीला लोखंडी जिना टेकवला जातो, किंवा सिमेंटचा जिना होतो आणि त्याचा कठडा ‘नंतर बघू’ म्हणून राहतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घराच्या जिन्यात पायरीची उंची 19 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि रुंदी 25 सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. लोखंडी जिने या मापाच्या जवळपासही नसतात. त्याहून घातक गोष्ट अशी की पायऱ्या एकसारख्या नसतात. फरशी नंतर बसवली की पहिली किंवा शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उणी-अधिक होते. पायाला दोन-तीन पायऱ्यांतच उंचीचा अंदाज येतो आणि पुढचं पाऊल तो त्याच अंदाजावर टाकतो. दिवसा डोळा ही चूक सावरून घेतो. रात्री डोळ्याला पायरीची कडच दिसत नसेल, तर सावरणार कोण?

इथे डोळ्याचं थोडं समजून घेतलं पाहिजे. अंधारात डोळा हळूहळू सरावतो. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी पाच-दहा मिनिटांत जमेल तेवढं करून थांबतात. पुढचं काम दंडपेशींचं, आणि त्यांना पुरतं तयार व्हायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. त्यांच्यातलं ऱ्होडोप्सिन नावाचं द्रव्य उजेडात विघटित होतं आणि अंधारात पुन्हा तयार होतं. ते तयार व्हायला ‘अ’ जीवनसत्त्व लागतं, म्हणून त्याच्या कमतरतेमुळे रातांधळेपणा येतो. चार तास गच्चीवर झोपलेल्या माणसाचे डोळे पूर्ण सरावलेले असतात. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड मोजला तर जेमतेम पाव लक्स भरतो, म्हणजे वाचायला लागणाऱ्या उजेडाच्या हजारावा हिस्सासुद्धा नाही. तरी त्या चांदण्यात त्याला जिन्याची कड दिसते.

आता त्याने जिन्यातला नऊ वॅटचा पांढरा बल्ब लावला. खाली जाऊन आला, बटण बंद केलं आणि गच्चीवर पाऊल टाकलं. त्या दोन-चार मिनिटांच्या उजेडाने डोळ्यांची चार तासांची तयारी मोडून टाकलेली असते. पुढची काही मिनिटं त्याला जवळजवळ काही दिसत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी तो झोपलेल्या पोरांना ओलांडत, बुटक्या कठड्याजवळून आपल्या अंथरुणाकडे चाललेला असतो. उजेड भरपूर होता म्हणून त्याचा पाय चुकतो. रात्रीच्या दिव्याबद्दल मला जे सांगायचं आहे त्याचा गाभा इथे आहे. रात्री चालायला फार उजेड लागत नाही, तो नीट जागी लागतो. खाली, पायांपाशी, मंद, पिवळट आणि वाटेत कुठेही न तुटणारा.

गच्ची उन्हाळ्यापुरती. घरातली वाट मात्र बारा महिन्यांची आहे, आणि ती आपण कधी तपासत नाही. एरंडोल तालुक्यातल्या एका खेड्यात माझी मावशी राहते. तिची बाज माजघरात भिंतीकडे. तिथून दाराकडे जाताना लाकडी उंबरठा, मग शहाबादी फरशीचा ओटा, ओट्याला तीन पायऱ्या, मग आंगण, आणि आंगणाच्या दूरच्या कोपऱ्यात संडास. 2014 नंतर स्वच्छ भारत अभियानात गावोगाव जे संडास झाले, त्यांतले कितीतरी असेच घराबाहेर, जागा मिळेल तिथे बांधले गेले. परसाकडे जाणं थांबलं ही फार मोठी गोष्ट झाली, बायकांसाठी तर विशेषच. पण बाजेपासून संडासापर्यंतच्या वाटेचा विचार कुणी केला नाही. मावशीच्या घरी एकच बाहेरचा बल्ब, दाराच्या चौकटीवर. आंगणातून घराकडे येताना तो डोळ्यांत घुसतो. घरातून आंगणाकडे निघालं की तो पाठीमागे राहतो आणि माणसाची स्वतःची सावली तीनही पायऱ्यांवर पसरते. म्हणजे जिथे पाय पडायचा नेमकी तीच जागा काळी. शिवाय मावशी तो लावतच नाही. सून लावायला उठली की म्हणते, “लाईट नको लावू, पोरं जागी होतीन.” मग भिंतीला हात लावत, अंदाजाने, ती एकटी जाते.

हे एका घराचं दुखणं नाही. खानदेशात आणि एकूण महाराष्ट्रातच दाराच्या वर बल्ब लावायची पद्धत आहे, कारण वायर तिथवर सोपी जाते आणि आलेल्या माणसाचा चेहरा दिसतो. चालणाऱ्याचे पाय त्या हिशेबात येत नाहीत.

वीज यायच्या आधी असं नव्हतं. कोनाड्यातली चिमणी कंबरेच्या उंचीवर असे, कंदील जमिनीवर किंवा हातात गुडघ्याशी. उजेड थोडा होता, पण खाली होता, पिवळा होता आणि माणसाबरोबर चालत होता. रॉकेलचा धूर आणि भाजण्याच्या घटना मला विसरायच्या नाहीत. ते दिवस परत यावेत असं कुणीच म्हणणार नाही. पण दिव्याची उंची आपण उगाच गमावली. वीज आली तशी बल्ब आढ्याला गेला, बटण दाराशी गेलं, आणि खोली उजळणे म्हणजेच दिवा लावणे असं ठरून गेलं. पायांसाठी वेगळा दिवा असू शकतो, हे वायरमनही सुचवत नाही आणि घरमालकही विचारत नाही.

मधली काही वर्षं तर दिवा कुठे असावा हा प्रश्नच नव्हता, तो असेल का एवढाच होता. 2005 मध्ये वीज मंडळाचे भाग पडून महावितरण झाली आणि त्याच काळात भारनियमनाने कळस गाठला. दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र भुसावळच्या वेशीवर, तरी आसपासच्या खेड्यांत तासन्‌तास अंधार असायचा. संध्याकाळी घरांत निदान दिवे लागावेत म्हणून थ्री-फेज बंद करून सिंगल फेज सोडायची युक्ती निघाली. पुढे गावठाणाचे फीडर शेतीपंपांच्या फीडरपासून वेगळे केले गेले. आज गावठाणाला बऱ्यापैकी अखंड वीज आहे, पण वादळी पावसात तार तुटली की जून-जुलैच्या रात्री पूर्वीसारख्याच काळ्या होतात. त्यामुळे खानदेशातल्या घरासाठी रात्रीचा दिवा ठरवताना वीज गेल्यावर काय, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

मग एलईडी आले. जानेवारी 2015 मध्ये उजाला योजना सुरू झाली आणि देशभरात छत्तीस कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. खानदेशाच्या दृष्टीने त्यांचा मोठा गुण म्हणजे कमी व्होल्टेजलाही ते पेटतात. जुनी चोकवाली ट्यूब संध्याकाळी नुसती फडफडत बसायची. पण हे बल्ब पांढऱ्याशुभ्र उजेडाचे होते आणि तोच उजेड घराघरांत चांगला उजेड म्हणून रुजला. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावरचा पिवळा लेप निळ्या प्रकाशाचा काही भाग बदलतो आणि दोन्ही मिसळून पांढरा दिसतो. ज्या निळ्या डायोडमुळे हे शक्य झालं, त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. खोक्यावर 6500 केल्विन लिहिलेलं असेल तर निळा भाग पुष्कळ, 2700 किंवा 3000 असेल तर कमी. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्या चित्र पाहत नाहीत, फक्त दिवस आहे की रात्र हे शरीराला कळवतात. त्यांचं काम 2002 च्या सुमारास स्पष्ट झालं. त्या निळ्याला सगळ्यांत जास्त दाद देतात. रात्री दोन वाजता त्यांच्यावर पांढरा झोत पडला की मेंदूला सकाळ झाल्यासारखं वाटतं, झोपेचं मेलॅटोनिन घटतं आणि परत आल्यावर माणूस तासभर कूस बदलत राहतो. पिवळट-केशरी उजेडाने हे फार कमी होतं, आणि लालसर उजेड तर दंडपेशींना जवळपास जाणवतच नाही, त्यामुळे डोळ्याचा सराव बराचसा टिकतो. धुळ्याच्या किंवा जळगावच्या दुकानात पिवळा बल्ब मागितला की दुकानदार आधी पांढराच पुढे करतो. खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ वाचून घ्यावं.

मावशीच्या घरी आम्ही फार काही केलं नाही. बाजेच्या पायाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, प्लगात बसणारा अर्ध्या वॅटचा पिवळा दिवा. उंबरठ्याच्या आतल्या बाजूला तसाच दुसरा. ओट्याच्या पायऱ्यांसाठी बाजूच्या भिंतीत, गुडघ्याच्या खाली, झाकण असलेला छोटा दिवा. झाकणामुळे बल्ब दिसत नाही, पायरीवर पडलेला उजेड तेवढा दिसतो. बाजूने उजेड आला की पायरीची सपाट बाजू उजळते आणि उभी बाजू सावलीत राहते, म्हणून कड उठून दिसते. हे फार महत्त्वाचं आहे. वरून सरळ पडणाऱ्या उजेडात शहाबादीच्या तीन करड्या पायऱ्या एकच करडा पट्टा होऊन जातात. मग प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंद पिवळा ऑइल पेंट ओढला. दाराच्या चौकटीवरचा बल्ब तिथेच राहिला, पण त्यावर टोपी आली, उजेड फक्त खाली पडावा म्हणून. शेवटचा दिवा संडासाच्या दाराशी. आता बाजेवर बसलं की पुढचा दिवा दिसतो, त्या दिव्याशी पोचलं की त्याच्या पुढचा. पोरं जागी होत नाहीत, आणि बटण शोधायची वेळ येत नाही.

विजेच्या बिलाची धास्ती अनेकांना असते, तिचा हिशेब मांडून टाकतो. आपण ज्याला झिरोचा बल्ब म्हणतो तो शून्य वॅटचा कधीच नव्हता; जुना झिरो साधारण 15 वॅट खायचा. रोज दहा तास लावला तर वर्षाला पंचावन्न युनिट होतात. अर्ध्या वॅटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर वर्षाला दोन युनिटही भरत नाहीत. असे चार दिवे रात्रभर जळले तरी वर्षाचा खर्च सात-आठ युनिट. दिवा बंद-चालू करण्याच्या भानगडीत पडूच नये. अंधार झाला की आपोआप लागणारा आणि उजाडलं की विझणारा दिवा घ्यावा.

हल्ली माणूस जवळ आला की पेटणारे सेन्सरचे दिवे मिळतात आणि शहरातली मुलं आई-वडिलांसाठी ते हौसेने पाठवतात. खानदेशात त्यांच्याबाबत एक सावधगिरी हवी. स्वस्त सेन्सर माणसाच्या अंगाची उष्णता ओळखतात. अंग आणि मागची भिंत यांच्या तापमानात फरक असेल तरच त्यांना माणूस कळतो. मे महिन्यात रात्री भिंत स्वतःच पस्तीस अंशांच्या पुढे असते, अंगाच्या कातडीइतकीच. मग सेन्सर उशिरा पेटतो किंवा पेटतच नाही, आणि त्याच्या भरवशावर निघालेल्या माणसाचं पाऊल अंधारात पडतं. पुण्या-मुंबईत चांगला चाललेला दिवा भडगाव-पारोळ्याच्या उन्हाळ्यात दगा देतो तो असा. मंदपणे सतत जळणारा दिवा इथे जास्त भरवशाचा. उष्णतेचा दुसरा फटका एलईडीच्या आतल्या सर्किटला बसतो. पत्र्याच्या छपराखाली, बंद काचेच्या हंडीत बसवलेला बल्ब लवकर जातो, कारण त्यातला कपॅसिटर तापून वाळतो. जमिनीजवळचा दिवा तुलनेने थंड राहतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

वीज जाण्यावर उपाय महाग नाही. वाटेतला निदान एक बल्ब बॅटरीवाला, म्हणजे बाजारात ज्याला इन्व्हर्टर बल्ब म्हणतात तसा असावा. वीज गेली तरी तो तीन-चार तास चालतो. आणि बाजेच्या पायाला दोरीने बांधलेली छोटी विजेरी. मोबाइलचा टॉर्च मला रात्रीच्या वाटेसाठी पसंत नाही. तो झगझगीत पांढरा असतो, एक हात अडकवतो, आणि लोखंडी जिन्यावर कठडा धरायला हात मोकळा असणं उजेडाइतकंच मोलाचं आहे. आंगणातल्या, ओल लागणाऱ्या दिव्यांसाठी मात्र एक खर्च टाळू नये. घराच्या मुख्य बोर्डात 30 मिलीअँपियरचा गळतीरोधक ब्रेकर बसवावा आणि अर्थिंग तपासून घ्यावं. पडण्यापासून वाचवायला लावलेल्या दिव्याचा शॉक बसायला नको.

ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं त्यांच्या डोळ्यांबद्दल आता. साठीच्या माणसाची बाहुली आकसलेली असते, भिंग पिवळं पडलेलं असतं. विशीतल्या तरुणाच्या तुलनेत त्याच्या पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. मोतीबिंदू असेल तर उघडा बल्ब धुक्यात फुटल्यासारखा पसरतो आणि बाकी सगळं झाकून टाकतो. मधुमेहात अंधाराला सरावण्याची शक्ती कमी होऊ शकते, आणि मधुमेहातच रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी झटकन उभं राहिलं की चक्कर येते. या साऱ्या गोष्टी एकाच माणसात, रात्रीच्या एकाच वेळी एकत्र येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडून दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण सगळ्यांत जास्त. मेलेल्यांच्या आकड्यात न येणारे त्याहून कितीतरी अधिक. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, पण माणूस बाजेवरून पूर्वीसारखा उठलाच नाही, अशी घरं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. आपण त्याला म्हातारपण म्हणून सोडून देतो. मला ते पटत नाही. त्यातली कितीतरी पडझड दोन दिवे आणि पिवळ्या रंगाच्या डब्याने टळली असती.

म्हाताऱ्या डोळ्यांना उजेड जास्त लागतो हे खरं, पण तो झगझगीत करून भागत नाही. दिवा झाकलेला असला पाहिजे आणि फरक स्पष्ट दिसला पाहिजे. उंबरठ्याला गेरू आणि कडेला चुन्याची रेघ ही आपल्याकडची जुनी सवय यासाठी उत्तम आहे. काळ्या कडप्प्याचा उंबरठा आणि गडद फरशी ही नव्या घरांतली जोडी दिसायला देखणी, रात्री वाईट. बाजेवरून उठताना पाय खाली सोडून मिनिटभर बसावं, खालच्या दिव्यात चपला दिसतात का पाहावं, मग उभं राहावं.

चपला पाहायचं दुसरंही कारण आहे. पावसाळ्यात खानदेशात मण्यार, घोणस, फुरसं, नाग हे चौघेही घराभोवती वावरतात. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं गेली, आणि त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. मण्यार रात्री हिंडते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. दिव्याचा इथे उलटा परिणामही होतो. आंगणातल्या पांढऱ्या झोतावर किडे जमतात, किड्यांमागे बेडूक आणि पाली, त्यांच्यामागे साप. पिवळट दिव्यावर किडे कमी येतात. त्यामुळे पांढरा मोठा बल्ब लावायचाच तर दारावर लावू नये, दारापासून दूर लावावा. आणि दंश झालाच तर बांधाबांध, कापाकापी न करता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्यावं. प्रतिसर्पविष तिथे मिळतं.

केळीला रात्री पाणी द्यायची पाळी आली म्हणून पंप चालू करायला निघालेल्या शेतकऱ्याची वाट मात्र घराच्या दिव्यांनी उजळत नाही. तिच्यावर खरा उपाय दिवसा वीज हाच आहे आणि शेतीपंपांना ती मिळावी म्हणून 2017 पासून सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे. ती आपल्या फीडरपर्यंत कधी येणार, हे ग्रामसभेत विचारत राहिलं पाहिजे.

घरातलं मात्र आपल्याच हातात आहे. एखाद्या रात्री सगळे दिवे बंद करून पंधरा-वीस मिनिटं अंधारात बसा. मग घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाच्या अंथरुणावरून उठून त्यांच्याच चपला घालून संडासापर्यंत जा आणि परत या. जिथे हात आपोआप भिंत शोधेल, जिथे पाऊल अडखळेल, तिथे खडूने खूण करा. त्या खुणांवर दिवे लावा. आणि घर अजून बांधकामात असेल, तर प्लास्टर होण्याआधीच वायरमनला सांगून जिन्याला वर-खाली टू-वे बटण आणि भिंतीत गुडघ्याखाली दिव्याचे पॉइंट काढून घ्या. नंतर तेवढ्यासाठी भिंत फोडावी लागते, आणि भिंत फोडायला कुणी तयार होत नाही.